माझ्यासमोर नको

दर गुरुवारी सकाळी मी के. आर. पुरमला माधवरावअण्णांकडे जायचो, आणि जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून लेजर कागदाचा एक दस्ता घ्यायचो. कोर्टात अर्ज ज्या जाड, हिरवट कागदावर टाइप करून देतात, तो हा कागद. त्या गुरुवारी मी चपला घालत होतो तेवढ्यात फोन वाजला. अण्णांच्या पत्नी, सुमित्राअक्का बोलत होत्या. "राघू, आज येताना कागद आणू नका." मी विचारलं, "का अक्का, मागचे शिल्लक आहेत?" त्या म्हणाल्या, "शिल्लक आहेत..." मग एका दमात म्हणाल्या, "अण्णा गेले. आठ वाजता. पेपर वाचत होते." मी म्हणालो, "सरी." सरी म्हणजे बरं. माणूस गेल्याचं कळल्यावर बरं म्हणणारा मी काही पहिला नसेन, पण अजून त्या शब्दाची लाज वाटते. साडेतीनशे वर्षं आमची घराणी बेंगळुरूत आहेत. घरात मराठी बोलतो, पण घाबरलो की तोंडातून नेमकं काय बाहेर पडेल याचा भरवसा नाही. या लेखाचा सगळा विषय तोच आहे.

अण्णा न्यायाधीश होते आणि मी त्यांचा लघुलेखक. शहराच्या पूर्वेला होसकोटेच्या वाटेवर एका गावात एक लहानसं कोर्ट होतं, त्याचं नाव इथे नको. तिथे आम्ही चार वर्षं एकत्र काढली. ते सांगायचे, मी लिहून घ्यायचो. आयुष्यभर मी दुसऱ्यांची वाक्यं लिहिली, त्यामुळे माणूस पारखायची माझी रीत जरा वेगळी आहे. वाक्य सुरू करताना त्याचा शेवट कुठे आहे हे ज्याला ठाऊक असतं, तो माणूस सरळ. अण्णांचं एकही वाक्य मला कधी मधेच खोडावं लागलं नाही. निकाल इंग्रजीत सांगून झाला की ते चष्मा काढायचे, हरलेल्या पक्षकाराला जवळ बोलवायचे आणि तो का हरला हे त्याला कानडीत समजावून सांगायचे. वकील मनगटावरची घड्याळं बघत उभे राहायचे. एकदा मी धीर करून म्हटलं, "साहेब, जिंकलेल्यालाही सांगावं की." ते म्हणाले, "जिंकलेल्याला कुठलीही भाषा चालते, राघवेंद्रराव." ऑफिसात मी राघवेंद्रराव आणि जिना उतरलो की राघू, हा त्यांचा नियम होता. तसे ते तापटही होते. माझ्या एका स्वल्पविरामावरून त्यांनी मला अर्धा तास उभं ठेवलंय, आणि जेवणाच्या सुट्टीत आपल्या डब्यातली चित्रान्नाची, म्हणजे फोडणीच्या भाताची, अर्धी मूद काढून माझ्या ताटलीत घातलीय.

नव्वद साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. एका शनिवारी दुपारी, कोर्ट उठायला अर्धा तास उरला असताना, सर्जापूर रोडकडच्या एका खेड्यातली आठ-दहा माणसं धापा टाकत आली. त्यांच्या गावच्या तळ्याचा, म्हणजे केरेचा, बांध दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणार होते. रविवारी कोर्ट बंद, म्हणून रविवार. पाणी सोडून द्यायचं, भराव टाकायचा आणि दगड रोवून प्लॉट पाडायचे. त्यामागे कोण होतं ते सगळ्या तालुक्याला माहीत होतं. तेव्हा मी ते नाव घेतलं नाही, आता घेऊन काय उपयोग. अण्णांनी त्यांच्या वकिलाचं ऐकून घेतलं, जुने नकाशे पाहिले, दोन प्रश्न विचारले, आणि भरल्या कोर्टात मला आदेश सांगितला: पुढची तारीख होईपर्यंत बांधाला हात लावू नये. सव्वा पानाचा आदेश होता. चार कार्बन लावून मी टाइप केला, त्यांनी सही केली, बेलीफ सायकलवर टांग टाकून निघाला. जाताना अण्णा इतकंच म्हणाले, "उद्या दुपारी जेवण गोड लागेल." बांध सहा आठवडे राहिला.

पुढचं वाचकांनी अनेकदा ऐकलं असेल. आधी निनावी तक्रार, मग बदली. बदली कुठे, तर जिथे जायला दोन बसगाड्या बदलाव्या लागत. त्यांच्या जागी आलेल्यांनी तो आदेश उठवला, आणि नंतर अण्णांची खात्यामार्फत चौकशी सुरू झाली. आरोप एकच होता. दुसऱ्या बाजूचं न ऐकता, विचार न करता, कोणाच्या तरी फायद्यासाठी गडबडीनं आदेश दिला. आदेश सांगितला जात असताना शेजारी बसलेला माणूस मी, म्हणून साक्षीदार मी. चौकशी करणारे गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी मला पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि कानडीत विचारलं, तो आदेश कसा काय दिला गेला? मला सांगायचं होतं की प्रकरण निकडीचं होतं, सोमवारची वाट बघितली असती तर तळं राहिलंच नसतं. मी म्हणालो, "अदु अवसरद आदेश, स्वामी."

पुण्यातल्या वाचकांना अवसर म्हणजे संधी वाटेल. आमच्या घरांत कानडीच्या संगतीनं त्या शब्दाचा अर्थ फिरलाय. आजारपणात आई म्हणायची, "अवसर आहे म्हणून सांग, वैद्यांना घेऊनच ये." म्हणजे निकड. पण कानडी माणसाच्या कानाला अवसर म्हणजे आधी घाई. निकडीला कचेरीतला शब्द आहे, तुर्तु. तो मी हजारदा टाइप केला होता. त्या खोलीत तो आठवला नाही. घाबरलेला माणूस कचेरीचं बोलत नाही, आईचं बोलतो. साहेबांनी माझं वाक्य इंग्रजीत करून त्यांच्या लघुलेखकाला सांगितलं आणि माझ्या कानावर शब्द पडला, हेस्टी. घाईगर्दीचा आदेश. दुसऱ्याच्या तोंडचा शब्द अचूक टिपणं हाच माझा धंदा, त्यामुळे ऐकण्यात चूक झाली असं मी म्हणू शकत नाही. दहा मिनिटांनी टाइप केलेला कागद माझ्यासमोर आला, "वाचून सही करा." मी वाचला. तो शब्द तिसऱ्या ओळीत होता. मला बोट ठेवून म्हणता आलं असतं, स्वामी, असं नाही, मला तुर्तु म्हणायचं होतं. पण त्याच आठवड्यात माझीही बदली होणार असं कानावर आलं होतं. धाकटी मुलगी दहावीला होती, आणि खोलीच्या दारात, तळं बुजवायला निघालेल्या त्या माणसाचा वकील पान चघळत उभा होता... मी मिठाची गुळणी धरून सही केली. निष्कर्षात वाक्य आलं की खुद्द लघुलेखकाच्याच सांगण्यावरून आदेश घाईचा होता हे सिद्ध होतं. माझी बदली झाली नाही.

अण्णांना सक्तीनं निवृत्त केलं. कारण दिलं होतं, जनहितार्थ. त्यांनी वरच्या न्यायालयात दाद मागितली, आणि तिथून जी गोष्ट सुरू झाली ती मी कोणाला सांगितली तर लोकांना थट्टा वाटते. खालच्या न्यायाधीशाला घरी बसवायचं की नाही, हे तिथले सगळे न्यायाधीश एकत्र बसून ठरवतात. म्हणजे अण्णांची फिर्याद ज्याच्यासमोर जाईल तो त्या बैठकीला हजर होता. माणसं सभ्य होती. स्वतःच घेतलेल्या निर्णयाचा न्याय स्वतः करू नये इतकं त्यांना कळत होतं. त्यामुळे प्रकरण पुकारलं की फाइल उघडायची, वरचं पान बघायचं, आणि न्यायमूर्ती हलक्या आवाजात म्हणायचे, "माझ्यासमोर नको." फाइल दुसऱ्या दालनात जायची. चार-सहा महिन्यांनी तिथेही तेच. नवीन कोणी येईपर्यंत थांबा म्हणायचे, आणि नवीन आलेल्यांसमोर फाइल जाईपर्यंत कामाची वाटणी बदललेली असायची. दिल्लीला जा म्हणणारे भेटायचे. दिल्लीनं काय सांगितलं असतं, आधी तिथलं संपवून या. कोणी अपमान केला नाही, कोणी काही मागितलं नाही, भांडायला समोर कोणी नव्हतंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो हे मला तेव्हा समजलं. पहिल्यांदा ते शब्द ऐकून आम्ही बाहेर आलो तेव्हा अण्णा मला म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मीही हेच म्हणालो असतो." हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं, आणि त्यामुळेच मला अधिक वाईट वाटलं.

घरी बसल्यावर त्यांनी नवीन नाद लावून घेतला. ओळखीचा एक ग्रंथपाल त्यांना परदेशातल्या निकालांच्या झेरॉक्स प्रती द्यायचा. महायुद्धानंतर युरोपातल्या शेजारी देशांनी मिळून एक न्यायालय उभारलंय, त्याचे ते निकाल. तेव्हा मी नोकरीत होतो, गुरुवारी कोर्ट सुटल्यावर गेलो की आधी त्या निकालाची कथा, मग त्यांच्या अर्जाचं टायपिंग, मग अक्कांची कॉफी. "वरचं कोर्ट आपल्याकडेही आहे," मी म्हणायचो. "ते देशाच्या वर आहे, राघू," ते म्हणायचे. "साधा माणूस स्वतःच्या सरकारविरुद्ध तिथे जाऊ शकतो. घरची सगळी दारं ठोठावून झाली की जायचं. आणि ते काय बघतात माहितीय? निकाल बरोबर होता की चूक, हे नाही. ज्यानं निकाल दिला तो माणूस मोकळा होता का, हे. त्याची बदली कोणाच्या हातात, त्याला काढलं तर त्याचं ऐकणारा कोणी वेगळा आहे का, आणि बाहेर बाकावर बसलेल्या म्हातारीला तो मोकळा दिसतो का." मी विचारलं, त्या न्यायालयाकडे पोलीस आहेत का. नाहीत. सैन्य? नाही. "मग ऐकतं कोण त्यांचं?" अण्णा हसले. "बहुतेक ऐकतात. निकालाचं काय केलंत म्हणून शेजारी पुन्हा पुन्हा विचारत राहतात. शेवटी लाज वाटते." मी म्हणालो, "आपल्याकडे विचारायला आलेल्या शेजाऱ्याला कॉफी देऊन परत पाठवतात." आतून अक्का म्हणाल्या, "कॉफी पण मीच करायची." त्या काळात पूर्वेकडचे देश एकेक करून त्या न्यायालयाखाली येत होते, आणि तिकडे कुठे न्यायाधीशाला घरी बसवलंय अशी बातमी आली की अण्णा ती कापून ठेवायचे. त्यातलं त्यांचं एक वाक्य मी माझ्या वहीत उतरवून घेतलंय. "न्यायाधीशाचं स्वातंत्र्य न्यायाधीशाचं नसतंच, समोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं. आदेश दिला त्या दिवशी ते माझं नव्हतं, त्या तळ्यावरच्या लोकांचं होतं."

एका गुरुवारी ते म्हणाले, आज वेगळा कागद लाव, पांढरा. त्यांनी त्या युरोपातल्या न्यायालयाला अर्ज लिहिला होता. मी टाइपरायटरवरचे हात काढून घेतले. "अण्णा, आपला देश त्यात नाही." "ठाऊक आहे." "मग?" "टाइप कर." टाइप केला, पोस्टात मीच टाकला, तिकिटं चिकटवताना पोस्टातल्या बाईंनी पत्ता दोनदा वाचला. दीड महिन्यात उत्तर आलं. अर्ध्या पानाचं, सभ्य. आपला देश या कराराबाहेर असल्यामुळे आपल्या अर्जाचा विचार करणं आमच्या अधिकारात नाही, खेद वाटतो. मला वाटलं आता खचतील. त्यांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. "वरती बघ, नंबर पडलाय," ते म्हणाले. "दीड महिन्यात नाही म्हणाले. कारण देऊन नाही म्हणाले. खाली सही करून नाही म्हणाले." कितीतरी दिवसांनी ते असे खुशीत होते. ते पत्र त्यांनी कपाटात देवीच्या तसबिरीखाली ठेवलं, आणि मी बस स्टॉपवर येऊन रडलो.

मागच्या वर्षी, माझ्या निवृत्तीनंतर, आम्ही दोघं बसनं सर्जापूर रोडला गेलो होतो. त्यांनीच हट्ट धरला. शेतं होती तिथे पांढरे दगड रोवले होते, पुढे तीनमजली इमारतींचे सांगाडे उभे होते, आणि वळणावर एक बाई चहा विकत होती. अण्णांनी तिला कानडीत विचारलं, इथली केरे कुठे आहे. तिनं ग्लास विसळता विसळता विचारलं, "याव केरे, स्वामी?" कोणती केरे. ती बिचारी नवीनच आली असेल, तिचा काय दोष. अण्णा चहा संपवून त्या दगडांकडे तोंड करून उभे राहिले. तिथे मला राहवलं नाही. एवढ्या वर्षांनी मी म्हणालो, "अण्णा, त्या चौकशीत... माझी जी साक्ष होती..." ते वळले नाहीत. म्हणाले, "बस येतेय बघ. ही चुकली तर तासभर नाही." बस दिसत नव्हती. आम्ही पस्तीस मिनिटं थांबलो, आणि त्या वेळात ते माझ्या मुलींबद्दल विचारत होते.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी मी गेलो. कागद न घेता गेलो, हाताला चुकल्यासारखं वाटत होतं. अक्कांनी कॉफी ठेवली आणि म्हणाल्या, "वकील आले होते. म्हणाले, माणूस गेला की केस पण जाते. पण बायकोचं नाव लावून चालू ठेवता येते, ठरलेल्या मुदतीत अर्ज द्यायचा. तुम्ही काय म्हणता, राघू? स्वल्पसा तरी आधार असला तर लढीन मी. त्यांचं नाव धुऊन निघालं पाहिजे, मला बाकी काही नको." मग त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. अण्णांचा पहिला कच्चा मसुदा, त्यांच्या हातचा, इंग्रजीत. वरच्या न्यायालयातल्या फिर्यादीचा, मी टाइप केलेल्या अर्जाच्याही आधीचा. तो मी कधी पाहिला नव्हता. अक्कांना इंग्रजी येत नाही. पान उलटलं तर सातवा मुद्दा होता, पूर्ण दीड पानाचा. लघुलेखकाच्या साक्षीत अवसर हा शब्द निकड या अर्थानं आला होता. त्याच्या घरची भाषा मराठी आहे, तिच्यात त्या शब्दाचा अर्थ असा. चौकशी अधिकाऱ्यांनी तो घाई असा घेतला. संपूर्ण निष्कर्ष त्या एका शब्दावर उभा आहे. साक्षीदाराला पुन्हा बोलावून विचारावं. मी इतकी वर्षं मनात जे घोकत होतो ते त्यांनी पहिल्याच महिन्यात लिहून ठेवलं होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं होतं. दीड पानावर तिरपी रेघ मारलेली होती. बाजूला पेन्सिलीनं, मराठीत, दोन ओळी होत्या.

अक्कांना मराठी वाचता येतं, पण मोतीबिंदूमुळे भिंग लागतं, आणि भिंग आतल्या खोलीत होतं. त्यांनी विचारलं, "बाजूला काहीतरी त्यांच्या हातचं दिसतंय. काय लिहिलंय?"

मी म्हणालो, "पेन्सिलीचं आहे, अक्का. पुसट झालंय. लागत नाही."

"महत्त्वाचं होतं का काही? केसला आधार होईल असं?"

"नसावं."

त्यांनी फाइल मिटून नाडी बांधली. मग म्हणाल्या, "मग राहू दे. तुम्ही म्हणता तर राहू दे. वकिलांना नको म्हणून कळवते." त्यांनी माझा रिकामा पेला उचलला आणि मला एवढंही म्हणता आलं नाही की थांबा, उद्या कळवा. मोठ्या दालनांतले ते सभ्य लोक निदान तोंडानं तरी म्हणत होते, माझ्यासमोर नको. मी तेही न बोलता चपला घातल्या.

त्याला तीन आठवडे झाले. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. गेल्या गुरुवारी तर के. आर. पुरमच्या स्टॉपवर उतरून, समोरच्या बसनं परत आलो. मला निकडच म्हणायची होती असं प्रतिज्ञापत्र टाइप करून ठेवलंय, सही केलेली नाही. केली तरी काय होईल? कोणाच्या तरी समोर जाईल आणि ते पहिलं पान बघतील. वरातीमागून घोडं, आणि वरातही उठून गेलेली. पण मुदत अजून संपलेली नाही, एवढं मला माहीत आहे. कोर्टात आयुष्य गेलंय, मुदती मोजता येतात. हा लेख ज्यात छापून येईल ती ही पुरवणी अण्णांसाठी पुण्याहून टपालानं यायची आणि अजून येते. अक्का ती खिडकीत बसून, भिंग धरून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. तोंडानं सांगायची माझ्यात हिंमत नाही, म्हणून इथे लिहितो.

अक्का, पेन्सिल पुसट नव्हती. स्वच्छ वाचता येत होतं. तिथे लिहिलंय: "हा मुद्दा घ्यायचा नाही. राघूची नोकरी अजून बाकी आहे, त्याला परत त्या खोलीत उभं करायचं नाही."